गर्भ राखणारे संप्रेरक आणि त्याची वाट अडविणारी औषधे

गाय गाभडली म्हणजे गोठ्यात प्रथम चौकशी होते ती बाहेरच्या कारणांची. ती घसरली काय, दुसऱ्या जनावराने ढुशी दिली काय, वैरणीत काही विषारी आले काय, असे विचारले जाते. ही कारणे खरी असू शकतात. काही सांसर्गिक रोगांमुळेही जनावरे गाभडतात. परंतु मुळात गर्भ पोटात टिकून राहतो तो कशाच्या आधाराने, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञांनाही त्याचे नीटसे उत्तर देता येत नव्हते.

आज ते उत्तर माहीत आहे. सस्तन प्राण्यांत गर्भ राखण्याचे काम मुख्यत्वे प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, करते. गर्भाशयाचे अस्तर जाड व रसयुक्त करून ते गर्भासाठी जागा तयार ठेवते; गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावू देत नाही; गर्भाशयमुख घट्ट मिटलेले ठेवते; आणि निम्म्या अंशाने पित्याचा, म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने परका असलेला गर्भ तिने झिडकारू नये, यासही साहाय्य करते. इतकी कामे एकाच द्रव्याकडे सोपविलेली असल्याने ते द्रव्य नाहीसे झाले किंवा त्याचा परिणाम रोखला गेला, तर गर्भ टिकत नाही. हा परिणाम रोखणारी औषधे १९८० नंतर हाती आली. त्यांपैकी मिफेप्रिस्टोन या औषधाच्या वापरास भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. या औषधाच्या पाठीशी प्राण्यांवरील प्रयोगांची दीर्घ परंपरा उभी आहे. त्या प्रयोगांत सर्व प्राण्यांनी एकच उत्तर दिले असते, तर विषय चार ओळींत संपला असता. तसे झाले नाही. सशाने एक सांगितले, गिनीपिगने दुसरे आणि हॅमस्टरने तर सर्वस्वी निराळेच.

पिवळ्या गाठीचा शोध

बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडले की त्या जागी एक लहानशी पिवळसर गाठ तयार होते. डच वैद्य रेनिए द ग्राफ याने सतराव्या शतकात तिचे वर्णन केले होते. लॅटिनमध्ये तिला कॉर्पस ल्युटियम आणि मराठी शास्त्रीय ग्रंथांत पीतपिंड असे म्हणतात. तिचे प्रयोजन काय, हे मात्र पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ अंधारात राहिले. जर्मनीतील ब्रेस्लाउ येथील गुस्टाफ बोर्न या शरीररचनाशास्त्रज्ञास अशी शंका आली की, ही गाठ रक्तात एखादे द्रव्य सोडीत असावी व त्या द्रव्यावर गर्भ तगत असावा. ही कल्पना पडताळून पाहण्याचे काम त्याने आपल्या अखेरच्या आजारात लुडविग फ्रेंकेल या शिष्याकडे सोपविले. बोर्न १९०० मध्ये निवर्तला. फ्रेंकेलने गाभण सशांतील पीतपिंड डागून नष्ट केले आणि १९०३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. पीतपिंड गेल्यावर गर्भ टिकत नाही, असा तो निष्कर्ष होता.

गाठ काढली की गर्भ जातो, एवढ्याने पुरावा पुरा होत नाही. गाठीतील द्रव्य बाहेरून दिले असता गर्भ राहतो, हेही दाखवावे लागते. ते काम अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात जॉर्ज कॉर्नर व त्यांचे विद्यार्थी विलर्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये पूर्ण केले. त्यांनी डुकरिणींच्या पीतपिंडांचा अर्क काढला आणि नुकताच संयोग झालेल्या सशांचे बीजकोश काढून टाकून त्यांना तो टोचला. बीजकोश नसतानाही गर्भ जगले. या कामात मध्यंतरी एक विचित्र अडचण उद्भवली होती. ॲलन यांचे अर्क गुण दाखवीत आणि तसेच बनविलेले कॉर्नर यांचे अर्क निष्फळ ठरत. पुष्कळ शोधाशोध केल्यावर कारण सापडले ते अर्कात नव्हे, सशांत. एक जण वाढलेले ससे निवडीत असे, तर दुसरा कोवळ्या वयाचे. फार लहान सशाचे गर्भाशय या द्रव्यास प्रतिसादच देत नाही. एका जातीच्या प्राण्यातही केवळ वयाने एवढा फरक पडतो, तर दोन भिन्न जातींत तो किती पडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

शुद्ध स्वरूपातील प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये वेगवेगळ्या चार गटांनी जवळजवळ एकाच सुमारास मिळविले. त्यांपैकी ॲडॉल्फ बुटेनांट यांच्या प्रयोगशाळेस सुमारे ५०,००० डुकरिणींच्या बीजकोशांतून जेमतेम २० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती लागले होते.

बीजकोश की वार?

प्रोजेस्टेरॉन सर्वच सस्तन मादींना लागते. परंतु ते येते कोठून, याचा हिशेब जातीजातीला वेगळा आहे. ससा, उंदीर, डुक्कर, कुत्री यांच्यात गर्भारपणाच्या अखेरच्या दिवसापर्यंत पीतपिंडावरच भिस्त असते. शेळीचेही तसेच. आपल्याकडील उस्मानाबादी शेळी साधारण पाच महिने गाभण असते. त्या संपूर्ण काळात तिचे बीजकोश हाच तिच्या गर्भाचा आधार असतो. मेंढीत मात्र सुमारे ५० दिवसांनंतर वार, म्हणजे अपरा, स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते. शेळी व मेंढी दिसावयास इतक्या जवळच्या आणि एकाच कळपात चरणाऱ्या. तरी या बाबतीत त्यांची गोत्रे निराळी आहेत. गायीला सुमारे २०० दिवसांपर्यंत पीतपिंडाची गरज असते. गिनीपिगमध्ये तीन-चार आठवड्यांनी वार हा भार उचलते, तर घोडीत त्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

स्त्रीच्या बाबतीत ही सांधेबदल केव्हा होते, हे अर्पाद चापो यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. गर्भपात करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांत शस्त्रक्रियेने पीतपिंड काढला असता, सातव्या आठवड्यापूर्वी गर्भ पडून जात असे. नवव्या आठवड्यानंतर मात्र तो टिकून राहत असे. या दोहोंच्या मधल्या दिवसांत बीजकोशाचे काम वारेकडे जाते. पुढे औषधोपचाराला ज्या आठवड्यांची मर्यादा घालण्यात आली, ती समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

अडविण्याच्या तीन रीती

एखाद्या गावाचे पाणी तीन ठिकाणी थांबविता येते: विहिरीपाशी, नळात किंवा घरातील तोटीपाशी. प्रोजेस्टेरॉनचेही असेच आहे.

पहिली रीत उगमच नष्ट करण्याची. पशुपालकांच्या नित्य परिचयाची गोष्ट हीच आहे, जरी तिचे नाव त्यांच्या कानावर आलेले नसले तरी. गाय माजावर आली व फळली नाही, तर सुमारे सतराव्या दिवसाच्या आसपास तिचे गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सोडू लागते. त्यामुळे पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन उतरते व गाय पुन्हा माजावर येते. गाय फळलेली असेल, तर इवलासा गर्भ इंटरफेरॉन टाऊ नावाचे प्रथिन सोडून हा हल्ला थोपवितो. माज लवकर यावा म्हणून जनावरांचे डॉक्टर जे प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात, ते याच नैसर्गिक क्रियेची नक्कल असते. गाय गाभण आहे किंवा नाही हे तपासल्यावाचून ते टोचले, आणि ती गाभण निघाली, तर पीतपिंड विरघळून ती गाभडते; पहिल्या पाच महिन्यांत तर हमखास. कृत्रिम रेतनानंतर ‘गाय उलटली असावी’ असा नुसता अंदाज बांधून हे इंजेक्शन मागणाऱ्याचे नुकसान एका वेताचे होते. म्हणून आधी गर्भतपासणी आणि मगच इंजेक्शन, या क्रमात कुचराई होता कामा नये. हे औषध हाताळताना गरोदर स्त्रियांनीही दूर राहावे, अशी सूचना असते.

दुसरी रीत प्रोजेस्टेरॉनच्या निर्मितीत अडथळा आणण्याची. कोलेस्टेरॉलपासून प्रोजेस्टेरॉन बनविणाऱ्या साखळीतील एक विकर बंद पाडणारी एपोस्टेन, ट्रायलोस्टेन यांसारखी द्रव्ये आहेत. दिवस भरत आलेल्या मेंढ्यांना एपोस्टेन दिले असता त्या लवकर विताना आढळल्या. उंदीर व माकडे यांच्यातही गर्भ पडून गेले. परंतु ही साखळी शरीरातील अन्य संप्रेरकांनाही लागत असल्याने या मार्गाचा विस्तार फारसा झाला नाही.

तिसरी रीत सर्वांत नाजूक आहे. तीत प्रोजेस्टेरॉन रक्तात भरपूर असते. फक्त त्याचा संदेश पोहोचू दिला जात नाही.

किल्ली बसते, पण फिरत नाही

संप्रेरकाचा संदेश घेण्यासाठी पेशीत ठराविक प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही गिनीपिगच्या गर्भाशयात असल्याचे फ्रान्समधील एत्येन-एमिल बोलिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास दाखविले. त्यानंतर या कुलपात बसेल पण फिरणार नाही, अशी किल्ली बनविता येईल काय, असा विचार सुरू झाला. तशी किल्ली आत असेपर्यंत खऱ्या किल्लीस प्रवेश मिळत नाही.

ही किल्ली सापडली ती मात्र दुसऱ्याच शोधात. पॅरिसनजीकच्या रूसेल-उक्लाफ या औषध कंपनीतील रसायनज्ञ जॉर्ज ट्यूच व त्यांचे सहकारी कॉर्टिसोल या संप्रेरकास रोखणारे द्रव्य शोधीत होते. १९८० मध्ये त्यांनी बनविलेला ३८४८६ क्रमांकाचा रेणू कॉर्टिसोलच्या ग्राहीबरोबरच प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीतही जाऊन बसत होता; तोही प्रोजेस्टेरॉनपेक्षा सुमारे पाचपट घट्टपणे. क्रमांकातील अखेरचे तीन आकडे घेऊन त्याला आरयू ४८६ म्हणू लागले. पुढे त्याचे नाव मिफेप्रिस्टोन झाले. त्याची घडण प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या स्टेरॉइडांसारखीच आहे. फक्त एका बाजूस जाडजूड असा एक जास्तीचा हात जोडलेला आहे. त्या हातामुळे ग्राही मिटून कामास लागू शकत नाही.

उंदीर व सशांतील परिणाम स्पष्ट होते. संयोगानंतर पहिल्या काही दिवसांत औषध दिले, तर फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजतच नव्हते. रुजल्यानंतर दिले, तर अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या ढासळून ते अस्तर सुटू लागे व गर्भ पडून जाई. दिवस भरत आले असताना दिले, तर सुमारे एका दिवसात पिले अकाली जन्मत. यामागील क्रमही हळूहळू उलगडला. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश उठताच गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिनांचे प्रमाण वाढते. एरवी एकेकट्या राहणाऱ्या स्नायुपेशी परस्परांशी जोडल्या जातात. त्यामुळे विस्कळीत हालचालींच्या जागी सर्व स्नायू एकजुटीने आकुंचन पावू लागतात. याच वेळी गर्भाशयमुखातील तंतू सैल पडून ते मऊ होते. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हा ग्राहीच नसलेले उंदीर जन्मास घातले. त्यांतील माद्या वंध्य निघाल्या. त्यांच्यात बीजही नीट सुटेना आणि गर्भाशयाचे अस्तरही गर्भासाठी तयार होईना.

गिनीपिगने सुचविलेली जोड

गिनीपिगने मात्र अडचण उभी केली. या प्राण्यात एकटे प्रोजेस्टेरॉनरोधक औषध उंदरातल्याप्रमाणे काम करीना. पुष्कळदा गर्भ तसाच राही. प्रथमदर्शनी हा प्रयोग फसल्यासारखा वाटावा. परंतु बर्लिनच्या शेरिंग कंपनीतील संशोधकांना १९८० च्या दशकात असे दिसून आले की, औषध दिलेल्या गिनीपिगचे गर्भाशय प्रोस्टाग्लँडिनच्या अगदी अल्प मात्रेनेही जोराने आकुंचन पावते. म्हणजे औषधाने गर्भाशय जागे केलेले होते. ढकलण्याचे काम तेवढे बाकी होते.

याच सुमारास स्त्रियांतही हाच अनुभव येत होता. जिनिव्हा येथे १९८२ मध्ये ११ स्त्रियांना आरयू ४८६ देण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ९ जणींचा गर्भपात झाला होता. पुढील चाचण्यांत एकट्या औषधाचे यश याहून कमीच भरू लागले आणि ते वापरण्याजोगे आहे काय, अशी शंका निर्माण झाली. स्टॉकहोम येथील बिगडेमन व स्वान यांनी १९८५ मध्ये मिफेप्रिस्टोननंतर प्रोस्टाग्लँडिनची अल्प मात्रा देऊन पाहिली व यशाचे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत गेले. आज जगभर मिफेप्रिस्टोननंतर मिसोप्रोस्टॉल देण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ येथे आहे. स्त्रीचे गर्भाशय या बाबतीत उंदरापेक्षा गिनीपिगला जवळचे आहे. दोघींतही वार स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनविते आणि ते जागच्या जागी भरपूर असल्याने औषधाशी सतत स्पर्धा करीत राहते. केवळ उंदरांवर विसंबून राहिले असते, तर एकटी गोळी पुरेशी आहे असा समज कितीतरी काळ टिकला असता.

हॅमस्टरवर परिणाम का होत नाही?

उंदराच्याच वर्गातील हॅमस्टर या प्राण्यास मिफेप्रिस्टोन कितीही दिले तरी त्याच्या गर्भास काही होत नाही. कोंबडीच्या ग्राहीवरही हे औषध बसत नाही. याचा उलगडा १९९२ मध्ये झाला. ग्राही हे प्रथिन शेकडो ॲमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. मानवी ग्राहीत ७२२ व्या स्थानी ग्लायसीन हे सर्वांत लहान ॲमिनो आम्ल आहे. कोंबडी व हॅमस्टर यांच्यात त्याच जागी सिस्टीन आहे. सिस्टीन आकाराने थोडे मोठे असते. तेवढ्याने औषधाचा तो जाडजूड हात आत शिरू शकत नाही. शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या ग्राहीत त्या जागी ग्लायसीन बसविले, तेव्हा औषध बसू लागले. उलट मानवी ग्राहीत सिस्टीन घातले, तेव्हा प्रोजेस्टेरॉन पूर्वीप्रमाणे बसत राहिले, पण मिफेप्रिस्टोन नाकारले गेले. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलला आणि औषध निरुपयोगी झाले. एखाद्या प्राण्यावर औषध निर्धोक ठरले, एवढ्यावरून ते सर्वत्र निर्धोक मानू नये, हे सांगण्यास याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच मिळेल.

कुत्री, गाय आणि परळची माकडे

पशुवैद्यकात या औषधांचा प्रत्यक्ष उपयोग सर्वाधिक झाला तो कुत्रीमध्ये. ॲग्लेप्रिस्टोन हे मिफेप्रिस्टोनचे जवळचे नातेवाईक औषध युरोपात नको असलेले गर्भारपण थांबविण्यासाठी वापरले जाते. चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शने देण्याची त्याची पद्धत आहे. कुत्रीच्या गर्भाशयात पू साठण्याचा जो घातक विकार होतो, त्यातही गर्भाशयमुख उघडून पू वाहून जावा म्हणून ते दिले जाते. गायींवरील प्रयोगांचा उद्देश याच्या उलट, म्हणजे वासरू सुखरूप बाहेर यावे, हा होता. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठात पहिलारू कालवडींना दिवस भरत आले असताना मिफेप्रिस्टोन दिले गेले. त्या लवकर व्याल्या आणि त्यांचा प्रसूतिमार्गही अधिक मोकळा झाल्याचे दिसले. हे तंत्र गोठ्यापर्यंत मात्र आलेले नाही.

मुंबईचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. परळ येथील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेत चंदर पुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बॉनेट माकडांवर ओनाप्रिस्टोन या जर्मन प्रोजेस्टेरॉनरोधकाचे प्रयोग केले. त्यांचा प्रश्न गर्भपाताचा नव्हता. औषधाची मात्रा इतकी कमी ठेवता येईल काय की, बीज नेहमीप्रमाणे सुटावे, पाळी नियमित यावी आणि तरी गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यास तयार होऊ नये, हे त्यांना पाहावयाचे होते. थोड्या थोड्या मात्रेत दीर्घकाळ दिलेल्या औषधाने माकडिणींत गर्भधारणा टळल्याचे त्यांनी दाखविले. माकडाची पाळी व गर्भधारणा स्त्रीशी जुळती असल्याने या निष्कर्षांचे मोल उंदरांवरील निष्कर्षांहून अधिक होते. अशी गोळी बाजारात आलेली नाही.

गर्भ वाचला तर?

औषध देऊनही गर्भ टिकला, तर त्याच्यात व्यंग निर्माण होते काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. उंदरांच्या दोन्ही जातींत गर्भ मोठ्या प्रमाणावर गेले. वाचलेल्यांत व्यंगे आढळली नाहीत. सशांत मात्र फ्रेंच गर्भविज्ञानवेत्ते आल्फ्रेड जोस्त यांनी १९८६ मध्ये कवटी व मेंदूची विकृती नोंदविली. औषधाचा गर्भावर थेट विषारी परिणाम झाला असे त्यावरून म्हणता येत नाही. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश सुटल्याने गर्भाशय आवळले जाऊन कोवळ्या गर्भावर दाब पडला असावा, असे स्पष्टीकरण औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात दिलेले आहे.

दुसरा प्रश्न औषधाचा परिणाम उलटविण्याचा. ग्राहीसाठी स्पर्धा असल्याने भरपूर प्रोजेस्टेरॉन दिले तर औषध मागे हटावे, असे तर्काने वाटते. जपानी संशोधकांनी १९८९ मध्ये उंदरांत दोन्ही द्रव्ये दिली असता गर्भ राखले गेल्याचे नमूद केले आहे. याच आधारावर काही देशांत स्त्रियांनाही मिफेप्रिस्टोननंतर प्रोजेस्टेरॉन देण्याचा पुरस्कार होऊ लागला. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये याची काटेकोर चाचणी सुरू झाली. ४० स्त्रिया घ्यावयाच्या होत्या. १२ जणींनंतरच ती थांबवावी लागली, कारण तिघींना तीव्र रक्तस्राव झाला. त्यांपैकी एकीला प्रोजेस्टेरॉन व दोघींना निष्क्रिय गोळी मिळालेली होती. चाचणी अपुरी राहिल्याने उपाय गुणकारी की निरुपयोगी, हे तिच्यावरून ठरत नाही. मिफेप्रिस्टोन घेऊन पुढचे औषध न घेणे धोक्याचे ठरू शकते, एवढे मात्र तीतून दिसले. उंदरास औषध व उतारा एकत्र मिळाले होते, स्त्रीला ते एका दिवसाच्या अंतराने. हा फरक वादविवादात बहुधा विसरला जातो.

आपल्या देशात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. २०२१ च्या नियमांत औषधोपचाराने गर्भपात करण्यासंबंधी नऊ आठवड्यांपर्यंतचा उल्लेख आहे. आधी तपासणी का हवी, याचे कारण पुन्हा शरीरव्यापारातच आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजला असेल, तर तेथे हे औषध काम करीत नाही. स्त्रीला रक्तस्राव होतो, गर्भ गेला असे वाटते आणि आत बीजवाहिनी फुटण्याचा धोका वाढतच राहतो. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या गोळीचे खरे भय हे आहे.

प्रसूतीचे कोडे

प्रोजेस्टेरॉन अडविल्याने प्रसूती सुरू होते, तर नैसर्गिक प्रसूतीही तशीच सुरू होत असावी, हा विचार ओघाने येतो. मेंढीत ते खरे ठरले. न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात दाखविले की, प्रसूतीची वेळ कोकरूच ठरविते. त्याच्या शरीरातील कॉर्टिसोल वाढले की वारेतील प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होऊ लागते व कळा येतात. याच प्रयोगांत अकाली जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा अधिक फुगलेली आढळली. त्यावरून, अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मण्याचा संभव असलेल्या मातेस स्टेरॉइडाचे इंजेक्शन देण्याचा उपचार १९७२ मध्ये पुढे आला. त्याने असंख्य अर्भकांचे प्राण वाचले आहेत.

स्त्रीच्या बाबतीत मात्र प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉन उतरत नाही. माकडीण व गिनीपिग यांच्यातही नाही. बहुधा ग्राहीच्या प्रकारांत बदल होऊन भरपूर संप्रेरक असतानाही त्याचा प्रभाव कमी पडत असावा, असे आज मानले जाते. अकाली प्रसूतीचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळांत गाभण उंदरांना मिफेप्रिस्टोन देऊन पिले आधी जन्मविण्याची रीत रूढ आहे. पण उंदरात प्रोजेस्टेरॉन खरोखरच उतरते, स्त्रीत उतरत नाही, हे अंतर त्या प्रयोगांत कायम राहते. अकाली प्रसूती टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे एक इंजेक्शन अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले होते. मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध न झाल्याने २०२३ च्या एप्रिलमध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. गर्भाशयमुख आखूड झालेल्या स्त्रियांना योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन देण्याची पद्धत मात्र अद्याप चालू आहे.